दसऱ्यापर्यंत पांढरे दात

लिंबानं दात पांढरे होत नाहीत. सोड्यानं होत नाहीत, राखेनं होत नाहीत, केळीच्या सालीनं तर मुळीच होत नाहीत. हे सगळं मी एकाच वर्षात, एकाच तोंडावर करून बघितलं आहे, त्यामुळे कुणाशी वाद घालत बसत नाही. शेजारच्या मुली टीव्हीवर काहीतरी बघून येतात आणि विचारतात, काकू, लिंबू चोळू का दाताला. मी सांगते, आमटीत पिळ.

ते वर्ष नव्वदीच्या मधलं. मी सव्वीस वर्षांची होते आणि नवऱ्याला सोडून आले होते. त्याचं कारण दात नव्हते, वेगळं होतं, ते इथं सांगण्याची गरज नाही. माहेर चंदगड तालुक्यात. तिथं भाऊ आणि वहिनी. भावानं महिनाभर ठेवून घेतलं आणि मग एका सकाळी चहा पिताना सरळ विषय काढला. मलकापूरजवळ एक स्थळ होतं. बायको वारलेली, दोन मुलं, पाण्याखालची शेती.

"पाट लावून देतो," भाऊ म्हणाला. "माणूस सरळ हाय."

"मला नोकरी करायची आहे."

"कर की. दिवाळीपर्यंत पक्की नोकरी दाखव, मग मी तोंड उघडणार न्हाय. न्हाय मिळाली तर मी म्हणतो ते ऐकायचं."

मी कबूल केलं. तो मलकापूरचा माणूस मी एकदा बघितला होता. वाईट नव्हता. मला पुन्हा कुणाच्या घरात शिरायचं नव्हतं, एवढंच. मी पिशवी भरली आणि कोल्हापूरला आले.

उचगावात माझी विधवा मावशी एका खोलीत राहायची. तिनं मला खोलीचा अर्धा भाग दिला आणि पंधरा दिवसांत महाद्वार रोडजवळच्या एका साड्यांच्या दुकानात चिकटवलंही. दुकान एका लिंगायत कुटुंबाचं. मालकांना सगळे अण्णा म्हणत, पण दुकान चालवायच्या त्यांच्या बायको, अक्का. अक्का घरच्यांशी कानडीत बोलायच्या, आमच्याशी मराठीत, आणि दोन्हीकडे आवाज तेवढाच मोठा.

पहिला आठवडा मी साड्यांच्या घड्या घातल्या. आठव्या दिवशी अक्कांनी बोलावून घेतलं.

"घड्या घालायला दोन बायका हाईत माझ्याकडं. तिसरी नको. मला काउंटरला बाई पाहिजे. बायकास्नी बाईशी बोलायला बरं वाटतंय. शिकलेली हाईस, उंच हाईस, साडी अंगावर टाकून दाखवलीस तर दिसंल. पण तू तोंडावर पदर धरून का बोलतीस?"

मी पदर काढला. अक्का पुढं वाकून बघायला लागल्या.

माझे दात लहानपणापासून तसे होते. चहाचा कप बरेच दिवस नीट घासला नाही की आतून जसा रंग धरतो, तसा रंग, आणि त्यात आडवे पट्टे. समोरचे सहा सगळ्यात वाईट. शाळेत मुली म्हणायच्या, हिनं गूळ खाल्लाय आणि चूळ भरली नाही.

"मिसरी लावतीस?" अक्कांनी विचारलं.

"नाही अक्का. कधीच नाही."

"हे बघ, खोटं बोलू नको. मिसरीवाली बाई काउंटरला चालणार न्हाय मला. गिऱ्हाईक रेशमी साडी बघतंय आणि हिच्या तोंडाचा वास."

मी शपथ घेतली. अक्कांनी ती ऐकली, मानली की नाही ते कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "दसऱ्याला काउंटर भरतंय. तवर दात साफ कर. तवर घड्या घाल. दसऱ्याला बघू."

जेमतेम चार महिने होते. दसऱ्याला काउंटर नाही, तर नोकरी नाही. नोकरी नाही, तर दिवाळीला मलकापूर. हिशेब इतका सोपा होता की बसमध्ये उभ्या उभ्या झाला.

मिश्रीबद्दल आधी सांगते, कारण पुढे तिचाच घोळ आहे. आमच्याकडे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटून पूड करतात, आणि बायका ती बोटानं दातांना, हिरड्यांना चोळतात. तिला म्हणायचं मिश्री, बोलताना मिसरी. माझी मावशी सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, चहानंतर आणि कुणाशी भांडण झाल्यावर मिश्री लावायची. तिचे दात मुळाशी काळे झाले होते. ती तंबाखू भाजायला बसली की मी दार उघडून बाहेर जाऊन उभी राहायची. मिश्री लावत नाही ही माझी एकच मिरवण्यासारखी गोष्ट होती, आणि नेमका तोच आळ माझ्यावर यायचा.

दंतवैद्याकडे जाण्याचा विचार मी केला नाही असं नाही. पण दात दुखल्याशिवाय दाताच्या डॉक्टरकडे कुणी जात असतं हे आमच्यात कुणाला ठाऊकच नव्हतं. घरात मिळतं त्यानंच काय ते करायचं.

कडुलिंबाच्या काडीपासून सुरुवात केली. तोंड कडू झालं, दात आहेत तसेच. मग मीठ आणि लिंबू. लिंबाची फोड मिठात बुडवून समोरच्या दातांवर मी पाच-पाच मिनिटं घासत बसायची. पहिल्या दिवशी दात खरखरीत लागले आणि मला वाटलं, मळ निघाला. आठवड्यानं त्यात खायचा सोडा मिसळायला लागले. लिंबू आणि सोडा एकत्र आले की फेस येतो, आणि फेस आला की काहीतरी साफ होतंय असं माणसाला वाटतंच. तोंड धुऊन मी मावशीच्या आरशाशी जायची, तोंड फाकवायची, उजेडात बघायची, अंधारात बघायची.

"मावशी, फरक दिसतोय का बघ की."

"दिसतोय."

"खरं सांग."

"खरं सांगायचं तर काल हुतं तसंच हाईत. अगं, दात हाईत का पितळंची भांडी? किती घासशील?"

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिच्याकडूनच शेणी जाळून राख करून घेतली.

राखेनं हिरड्या सोलल्या. इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणून तो कुटला, त्यानं दुकानात बोलताना काळी लाळ ओठाच्या कोपऱ्यात यायची. केळीची साल आतल्या बाजूनं चोळली. तिळाचं तेल तोंडात धरून पंधरा मिनिटं खुळखुळवलं आणि भात शिजायला ठेवला तेव्हा चुकून गिळलं. दिवसातून तीनदा लिंबू-सोडा मात्र सोडला नाही, कारण त्याचा फेस यायचा.

श्रावण लागेपर्यंत दात दुखायला लागले. दुखायला म्हणजे, गार पाणी घेतलं की कळ कानापर्यंत. दुकानात दुपारचा चहा आला की मी तो निवेपर्यंत थांबायची, आणि निवला की निवलाय म्हणून कळ यायची. पेरू खाता येईना. चिंचेचा नुसता वास आला तरी दात शिवशिवायचे. तोंड उघडून श्वास घेतला तरी हवा लागायची. आणि रंग तोच. उलट मला तो गडद वाटायला लागला. मी साड्या बदलून बघायच्या खोलीत जाऊन ट्यूबलाइटखाली दात बघायची, बाहेर एखादी बाई थांबलेली असायची आणि दार वाजवायची.

एकदा मोरीतली फरशी साफ करायच्या ॲसिडची बाटली हातात घेतली. फरशीवरचे पिवळे डाग त्यानं निघतात हे मी स्वतः बघितलेलं होतं. काडीला कापूस गुंडाळून ठेवला होता. झाकण काढलं, वाफ नाकात गेली, डोळ्यांत पाणी आलं आणि झाकण परत लावलं. शहाणपण म्हणून नाही. खोकला आवरेना म्हणून. तो कापूस मी दुसऱ्या दिवशीपर्यंत तसाच ठेवला होता, हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

त्याच आठवड्यात ते कॅलेंडर सापडलं.

दुकानात सुरतेहून माल यायचा, आणि माल पाठवणारा व्यापारी वर्षाला एक हिंदी कॅलेंडर पाठवायचा. पुढे देवाचं चित्र, पानांच्या मागे घरगुती उपाय. सरलेल्या महिन्यांची पानं साड्यांच्या थप्पीखाली अंथरायची पद्धत होती. मी थप्पी उचलली आणि खालच्या पानावर मोत्यासारख्या दातांचा उपाय दिसला. तीन वस्तू समभाग घ्यायच्या, बारीक कुटायच्या, सकाळ-संध्याकाळ दातांना चोळायच्या. सेंधा नमक, भुनी फिटकरी, मिश्री.

मी पान घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. शाळेत हिंदी सातवीपर्यंत झालं होतं. सेंधा नमक म्हणजे उपासाचं सैंधव, हे अंदाजानं कळलं. फिटकरी कळेना. दुकानातल्या जुन्या सेल्समनना विचारलं, त्यांना आम्ही मामा म्हणायचो.

"फिटकरी म्हणजे तुरटी की ओ," मामा म्हणाले. "दाढी केल्यावर लावत्यात ती. तुम्हाला कशाला पाहिजे? दाढी यायला लागली काय?"

तिसरा शब्द विचारायचा प्रश्नच नव्हता. मिश्री मला माहीत होती.

मी सबंध संध्याकाळ त्या पानाकडे बघत बसले. जी गोष्ट मी जन्मभर नाक मुरडून दूर ठेवली, ती छापील कागदावर औषध म्हणून लिहिलेली. शिवाय मावशीसारख्या बायका मिश्री दात साफ व्हायलाच तर लावतात, म्हणजे मुळात त्यात काहीतरी असणार, बायका प्रमाण चुकवतात म्हणून दात काळे होत असणार, असं मी स्वतःला पटवलं. दसऱ्याला दोन महिने होते. त्या वेळी कागदावर चुन्याची निवळी लिहिलेली असती तरी मी पटवून घेतलं असतं.

"मावशी, थोडी मिश्री दे."

मावशीनं डबी माझ्यापासून लांब धरली. "कुणाला?"

"मला. औषध म्हणून."

"मी बी औषध म्हणूनच धरलीती. पहिल्या बाळंतपणात दाढ दुखत व्हती तवा."

"यात तुरटी आणि सैंधव घालायचं आहे. कागदात लिहिलंय."

कागदात लिहिलंय म्हटल्यावर ती नरमली. तिला वाचता येत नव्हतं आणि छापील अक्षराचा ती मान ठेवायची. तुरटी तव्यावर फुलवून दिली तीही तिनंच.

पहिल्यांदा चोळली तेव्हा डोकं गरगरलं आणि मी भिंतीला धरून बसले. दुसऱ्या दिवशी कमी गरगरलं. चौथ्या दिवशी एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळेच मी अडकले: दातांची कळ थांबली. गार पाणी पिता आलं. चहा गरम असताना घेता आला. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा मी भाकरी दोन्ही बाजूंनी चावून खाल्ली. लिंबानं जे सोललं होतं ते मिश्रीनं बधिर केलं होतं, पण मला वाटलं, औषध लागू पडलं. दुखणं गेलं म्हणजे आता रंगही जाणार.

सकाळ-संध्याकाळचं दुपारीही सुरू झालं. मग सैंधव संपलं ते आणायचं राहिलं. तुरटी कुटायचा कंटाळा. महिन्याभरात माझ्या पिशवीत नुसत्या मिश्रीची एक चपटी डबी होती आणि दुकानाच्या मागच्या मोरीत मी दिवसातून दोनदा जात होते. मी तिला मनातसुद्धा मिश्री म्हणत नव्हते, औषध म्हणत होते. हिरड्यांशी काळी रेघ दिसायला लागली तेव्हा म्हटलं, मळ सुटून वर येतोय.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी खालची हिरडी सुजली. गाल वर आला, तोंड उघडेना. अक्कांनीच हाकललं, "जा, दाखवून ये. असलं थोबाड घिऊन नवरात्रात दुकानात उभी राहू नको." मग गेले सरकारी दवाखान्यात, कारण आता दुखत होतं, म्हणजे जायला हरकत नव्हती.

डॉक्टर तरुण होता, बोलण्यावरून पुण्याकडचा. त्यानं आरसा तोंडात घातला, बराच वेळ बघितलं.

"मिश्री किती वर्षं लावताय?"

"दोन महिने. औषध म्हणून."

"कसलं औषध?"

मी ब्लाउजमधून नाही, पण पर्समधून ते पान काढलं. घड्या घालून घालून फाटायला आलं होतं. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, ही हिंदीतली मिश्री आहे. हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर."

मी पान परत हातात घेतलं.

"खडीसाखर," तो पुन्हा म्हणाला. "देवळात प्रसाद देतात ती." मग त्याला हसू आलं. त्यानं ते दाबलं, आरसा ट्रेमध्ये ठेवायच्या निमित्तानं तोंड फिरवलं, पण खांदे दिसत होते. "अर्थात साखरेनं दात घासा म्हणणाराही काही शहाणा नाही."

"ती काळी रेघ जाईल?"

"मिश्रीची रेघ मी काढून देतो. पण खालचा रंग जाणार नाही. लहानपणी खूप आजारी होता का? बाटलीतलं औषध बरेच दिवस?"

आई सांगायची, तिसऱ्या वर्षी तापात मी जगत नव्हते, महिनाभर पिवळं औषध पाजलं म्हणून जगले.

"त्याचाच तो रंग. दात हिरडीत तयार होत होते तेव्हा आतच बसलाय. तुम्ही वरून काहीही घासा, तो वर नाहीच. आणि हे काय केलंय? लिंबू?"

"लिंबू-सोडा. दिवसातून तीनदा."

त्यानं पुढं विचारायचं सोडून दिलं. एवढंच म्हणाला की दातांवरचं जे कठीण कवच असतं ते मी पुष्कळसं घालवून बसले आहे, ते परत येत नाही, आणि आता गार-गरम जन्मभर सांभाळा. पांढऱ्या दातांसाठी वरून टोप्या बसवता येतात, मोठ्या शहरात. किती पैसे लागतात ते मी विचारलं नाही.

घरी येऊन मावशीला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग आधी बोलायचं न्हाईस? खडीसाखर व्हती की डब्यात." आणि सवयीनं डबी उघडली, माझ्याकडे बघितलं, आणि बाहेर ओट्यावर जाऊन लावून आली. इतक्या दिवसांत ती माझ्यासाठी बाहेर गेल्याची ती एकच वेळ. मला तिच्या मागं जाऊन चिमूटभर मागावीशी वाटत होती. तेव्हा मला कळलं की मी आता मिश्री लावणारी बाई आहे.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला अक्कांनी मला गाठलं. सूज उतरली होती. डॉक्टरांनी रेघ खरवडून काढली होती. पण त्या सकाळी मी डबी उघडली होती, एकदाच.

"वास येतोय," अक्का म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. लिंबापासून पिवळ्या औषधापर्यंत. पान दाखवलं. मामा शेजारीच साड्या मांडत होते, त्यांना खडीसाखर ऐकून ठसका लागला. अक्का हसल्या नाहीत.

"म्हंजे दात पांढरं व्हणार न्हाईत."

"नाहीत."

"आणि आता मिसरी बी लागली."

"सोडणार आहे."

"सोडतीस की न्हाय ते तुझं तू बघ. काउंटरला मी तुला घेऊ शकत न्हाय, बाई. दसऱ्यानंतर दुसरीकडं बघ."

दुसरीकडे मी कुठं बघणार होते? दसऱ्याला सात दिवस, दिवाळीला त्यावर वीस. भावाचं पत्र आधीच आलं होतं, मलकापूरची मंडळी विचारतात म्हणून. मी तिथंच, घड्या घातलेल्या साड्यांपुढे उभी राहिले. रडले नाही, रडायला तोंड वाकडं करावं लागतं आणि हिरडी दुखत होती. समोर एक बाई मामांशी भांडत होती. साडीला फॉल लावायला चार दिवस लागतील म्हणून मामांनी सांगितलं होतं आणि तिला साडी दसऱ्याला नेसायची होती. ती साडी टाकून निघून गेली.

"फॉल मी लावते," मी म्हटलं.

"काय?"

"अक्का, फॉल बाहेर देता, चार दिवस जातात, गिऱ्हाईक जातं. मला लावता येतो. मागच्या खोलीत बसते. संध्याकाळी साडी तयार. मला कुणी बघणार नाही आणि मी कुणाशी बोलणार नाही."

अक्का विचारात पडल्या. "काउंटरचा पगार मिळणार न्हाय."

"नको."

"घड्या घालणाऱ्या बायकांपेक्षा बी कमी. नवरात्र हाय तवर बघायचं, जमलं तर पुढं."

"चालेल," मी म्हटलं. त्या अजून बोलतच होत्या.

मागच्या खोलीत खिडकी नव्हती. एक सतरंजी, एक दिवा, आणि बाजूला मोरी. अष्टमीपर्यंत मी एकवीस साड्यांना फॉल लावले. नवमीला अक्का दारात आल्या, हातात सहा साड्या होत्या, म्हणाल्या, "दिवाळीनंतर बी हायेस न्हवं?" मी हो म्हटलं. त्या दुपारी भावाला कार्ड लिहिलं, की पक्की नोकरी लागली आहे, मलकापूरला नाही म्हणून कळव. कसली नोकरी ते लिहिलं नाही. त्याचं उत्तर आलं नाही, म्हणजे त्यानं शब्द पाळला.

डबी माझ्यापाशीच होती. बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे काउंटरवर असते तर जितकी लावली नसती तितकी मी त्या खोलीत लावली. ती सुटायला नवं शतक उजाडावं लागलं, आणि ती गोष्ट काही शौर्याची नाही.

दसऱ्याच्या सकाळी पुढं दुकान गर्दीनं फुटायला आलं होतं. अक्कांचा आवाज भिंतीतून येत होता. माझ्या मांडीवर हिरवी साडी होती, तिचं गिऱ्हाईक पुढं थांबलेलं. शेवटचा टाका घेतला, गाठ मारली आणि सगळ्या बायका करतात तसा दोरा दातानं तोडायला गेले. कळ थेट डोक्यात गेली. साडी खाली ठेवून मिनिटभर गाल धरून बसले. मग दार थोडं उघडून मामांना हाक मारली आणि एक कात्री मागून घेतली.